जुन्या एकेरी ‘पॉइंट टूटू’ रायफलींची उभ्याने नेमबाजी : खान्देशात स्पर्धा भरवायची तर

एका वेळी एकच काडतूस घेणारी, आजोबा-पणजोबांच्या काळातली .२२ बोअरची (म्हणजे .२२ इंच व्यासाच्या नळीची, ‘पॉइंट टूटू’) रायफल हातात घ्यायची, दोन पायांवर उभे राहायचे, कशाचाही टेका न घेता पन्नास मीटरवरच्या कागदी लक्ष्यावर नेम धरायचा आणि ठरलेल्या वेळात वीस गोळ्या झाडून जास्तीत जास्त गुण मिळवायचे, असा हा खेळ आहे. खेळायला सोपा वाटणारा हा प्रकार भरवायला मात्र अवघड आहे, कारण त्यात शस्त्रकायदा येतो, जमिनीची पारख येते, शंभर वर्षांच्या लोखंडाची तब्येत येते आणि सर्व स्पर्धकांना न्याय्य वाटतील असे नियमही करावे लागतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत कॉलेजच्या दिवसांत एनसीसीची ‘पॉइंट टूटू’ चालवलेली माणसे गावोगाव भेटतात; पण त्यांनी ती जमिनीवर पालथे पडून चालवलेली असते. तीच रायफल उभ्याने धरली की काय बदलते, हे त्यांनाही नव्याने समजून घ्यावे लागते.

पुढची सारी मांडणी मी एका भूमिकेतून करत आहे. या स्पर्धेत कस लागतो तो उभ्या माणसाचा. म्हणून प्रत्येक नियम असा असावा की माणसाचे कसब समोर येईल आणि जुन्या रायफलीला तिच्या कुवतीबाहेर ताणले जाणार नाही.

परंपरा कुठली

उभ्याने, आधाराविना नेमबाजी करण्याची स्पर्धात्मक परंपरा मुख्यतः जर्मन भाषक प्रदेशांतली आणि स्वित्झर्लंडमधली आहे. तिथल्या गावोगावच्या नेमबाज मंडळांनी ती जपली आणि एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत स्थलांतरित झालेल्यांनी ती सोबत नेली. तिथे २०० यार्डांवर, मधल्या वर्तुळाला २५ गुण असलेल्या लक्ष्यावर, एकेरी रायफलींनी उभ्याने सामने होत. अमेरिकेत या रायफली जपणाऱ्यांची संघटना १९४८ पासून आहे. ब्रिटनमध्ये वाट थोडी निराळी होती. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात सैनिकांची नेमबाजी कमी पडल्याचे जाणवल्यावर सामान्य नागरिकांनाही छोट्या बोअरच्या रायफलीने सराव करता यावा म्हणून १९०१ साली एक संस्था स्थापन झाली; तिचेच नाव पुढे ‘सोसायटी ऑफ मिनिएचर रायफल क्लब्ज’ झाले. या चळवळीचे मोठे पुरस्कर्ते लॉर्ड रॉबर्ट्स हे त्याआधी हिंदुस्थानात सरसेनापती होते. याच काळात बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने मार्टिनी पद्धतीच्या (ही पद्धत पुढे सांगितली आहे) .२२ रायफली मोठ्या प्रमाणावर बनवल्या.

स्वतंत्र भारतात नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया १९५१ साली स्थापन झाली. लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर हे तिचे संस्थापक अध्यक्ष होते आणि त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा आजही होते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून अशा तीन अवस्थांत .२२ बोअरनेच नेम धरावा लागतो. तिन्हींत सर्वांत जास्त गुण गळतात ते उभ्याच्या टप्प्यात. आपल्याला भरवायची आहे ती स्पर्धा म्हणजे याच टप्प्याचे जुने, साधे रूप.

रिमफायर म्हणजे काय

बंदुकीच्या काडतुसात दारू पेटवण्यासाठी ठिणगी लागते आणि ती ठिणगी देणारे रसायन कुठे ठेवले आहे त्यावरून काडतुसांचे दोन प्रकार पडतात. मोठ्या रायफलीच्या काडतुसात ते बुडाच्या मध्यभागी वेगळ्या टोपीत असते. रिमफायर काडतुसात वेगळी टोपी नसते. पितळी पुंगळीच्या बुडाला जी बाहेर आलेली पोकळ कड असते, तिच्या आतच हे रसायन पसरवलेले असते. फायरिंग पिन या कडेवर आपटली की कड चेपते, रसायन पेटते आणि दारू जळून गोळी पुढे ढकलली जाते. फ्रान्समध्ये फ्लोबेर यांनी १८४५ च्या सुमारास या पद्धतीचा पाया घातला, १८५७ मध्ये स्मिथ अँड वेसन कंपनीने .२२ शॉर्ट हे काडतूस आणले आणि १८८७ मध्ये आजही जगभर वापरले जाणारे .२२ लाँग रायफल हे काडतूस आले. त्यातली शिशाची गोळी साधारण २.६ ग्रॅम वजनाची असते आणि सौम्य प्रतीच्या काडतुसात ती सेकंदाला सुमारे ३२० ते ३३० मीटर वेगाने, म्हणजे आवाजापेक्षा किंचित हळू निघते.

कड चेपून ठिणगी पडायची असल्याने पुंगळीचे पितळ पातळच ठेवावे लागते, आणि पातळ पितळ फार दाब सोसत नाही. या काडतुसाचा सौम्यपणा आणि त्याची मर्यादा या दोन्हींचे मूळ इथे आहे. धक्का नगण्य, आवाज कमी, खर्च मोठ्या बोअरपेक्षा कमी. त्यामुळे वयस्क माणूसही वीस-पंचवीस गोळ्या सहज झाडू शकतो. मात्र सौम्य म्हणजे निरुपद्रवी असे समजणे घातक आहे. ही छोटी गोळी वर उंचावून सुटली तर दीड किलोमीटरहूनही दूर जाऊ शकते. खान्देशातल्या दोन गावांमधले अंतर पुष्कळदा याहून फारसे जास्त नसते, आणि मधल्या शेतात माणसे असतातच.

एकेरी रायफलीत मॅगझीन, म्हणजे जादा काडतुसांची पेटी, नसते. मार्टिनी पद्धतीचे उदाहरण जवळून पाहू. ट्रिगरमागची दांडी खाली ओढली की चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेच्या, तोंडावर बसलेला पोलादी ठोकळा पुढच्या बाजूने खाली झुकतो. ठोकळ्याच्या पाठीवर एक उथळ पन्हळ असते. काडतूस तिच्यात ठेवून अंगठ्याने पुढे सरकवले की ते चेंबरमध्ये जाऊन कडेवर अडते. दांडी परत वर घेतली की ठोकळा वर येऊन तोंड बंद करतो; आतली पिन दांडी खाली ओढतानाच ताणलेली असते. गोळी झाडल्यावर दांडी पुन्हा खाली, आणि रिकामी पुंगळी बाहेर. स्टीव्हन्स या अमेरिकी कंपनीच्या पुष्कळ जुन्या एकेरी रायफलींत बाहेरचा घोडा वेगळा ओढावा लागतो. प्रत्येक गोळीसाठी हे सारे हाताने करावे लागत असल्याने घाई आपोआप कमी होते, आणि रेंज ऑफिसरला, म्हणजे गोळीबारावर देखरेख करणाऱ्याला, लांबूनही दिसते की कोणाची रायफल उघडी आहे आणि कोणाची बंद. सुरक्षिततेच्या दृष्टीने मला या रायफलींचा हा गुण फार मोलाचा वाटतो.

उभ्याने नेम धरणे अवघड का

पालथे पडलेल्या नेमबाजाची दोन्ही कोपरे आणि सारे धड जमिनीवर टेकलेले असते. उभ्या माणसाकडे फक्त दोन तळपाय असतात, आणि त्यांच्यावर सारे शरीर श्वासाबरोबर, नाडीच्या ठोक्याबरोबर, सतत थोडे थोडे हलत असते. ही हालचाल किती छोटी आणि तिचा परिणाम किती मोठा, हे साध्या त्रैराशिकाने कळते. नेम धरण्यासाठी रायफलीवर असलेली मागची खाच आणि नळीच्या टोकाजवळची पुढची माशी यांत ६० सेंटीमीटर अंतर असेल आणि गोळी सुटताना माशी खाचेच्या मध्यापासून एक मिलीमीटर सरकलेली असेल, तर ५० मीटरवर गोळी सुमारे ८३ मिलीमीटर बाजूला लागते. आंतरराष्ट्रीय ५० मीटर रायफल लक्ष्याचे दहाचे वर्तुळ १०.४ मिलीमीटर व्यासाचे आणि बाहेरचे, एका गुणाचे वर्तुळ १५४.४ मिलीमीटर व्यासाचे असते. म्हणजे माशी एक मिलीमीटर हलली की त्या लक्ष्यावर शून्य!

म्हणूनच अनुभवी नेमबाज हालचाल थांबवायचा हट्ट धरत नाही. डाव्या खांद्याची बाजू लक्ष्याकडे करून, पाय खांद्याइतके फाकवून, डावे कोपर बरगडीवर किंवा कमरेच्या हाडावर टेकवून तो रायफलीचे वजन स्नायूंऐवजी हाडांवर तोलतो. डोक्यावर भरलेली कळशी घेऊन चालणारी बाई मानेच्या ताकदीने नव्हे, तर तोलाने चालते, तसेच हे आहे. मग माशी लक्ष्याच्या आसपास हळूहळू फिरत राहते, तिचा फेरा आकसतो, आणि तो सर्वांत लहान झालेल्या दोन-चार सेकंदांत ट्रिगरवरचा दाब पुरा व्हावा लागतो. आठ-दहा सेकंदांत तसे जमले नाही तर रायफल खाली घेऊन श्वास पूर्ववत करणे हेच शहाणपणाचे असते, कारण त्यानंतर डोळा थकतो आणि हात थरथरू लागतात. रायफल खाली घेण्याचे हे धैर्य नव्या माणसाला सर्वांत उशिरा येते.

जुन्या रायफलीने यात आणखी एक अडचण घातलेली असते. तिचा घोडा किंवा पिन आधुनिक रायफलीच्या मानाने सावकाश पडते, आणि गोळीही नळीतून तुलनेने हळू जाते. ट्रिगर सुटल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंतच्या सेकंदाच्या काही हजारांश भागांतही नळी हलतच असते. त्यामुळे गोळी सुटल्यावर लगेच मान वर करून लक्ष्याकडे पाहणाऱ्याचा नेम जुन्या रायफलीवर अधिक चुकतो. आवाज झाल्यानंतरही क्षणभर माशीवरच नजर ठेवून स्थिर राहावे लागते.

आधी परवानगी, मग तारीख

‘रायफल जुनी आहे, तिला परवाना कशाला’ हा समज पहिल्यांदा दूर केला पाहिजे. शस्त्र अधिनियम, १९५९ मधली जुन्या शस्त्रांची सूट फक्त दुरुस्ती करूनही चालू शकणार नाही अशा शस्त्रांना आहे. काडतूस घेणारी चालू रायफल १८९० सालची असली तरी तिला परवाना लागतो. याच कायद्याच्या कलम ३ मध्ये .२२ बोअरच्या रायफलीचा स्पष्ट उल्लेख आहे: केंद्र सरकारने परवाना किंवा मान्यता दिलेल्या रायफल क्लबचा वा संघटनेचा सदस्य नेमबाजीच्या सरावासाठी .२२ रायफल किंवा एअर रायफल वापरत असेल, तर शस्त्रसंख्येची मर्यादा त्याला लागू होत नाही. ही मर्यादा २०१९ च्या दुरुस्तीने तीनवरून दोनवर आली आहे. याचा व्यवहारातला अर्थ असा की चार मित्रांनी मिळून शेतात स्पर्धा भरवण्याचा मार्ग कायद्यात नाही. ती मान्यताप्राप्त क्लबच्या किंवा जिल्हा संघटनेच्या छत्राखाली आणि मान्य रेंजवरच व्हायला हवी. रायफल क्लब आणि गोळीबाराची मैदाने यांसाठी शस्त्र नियम, २०१६ मध्ये स्वतंत्र तरतुदी आहेत.

दुसऱ्याच्या परवान्यावरची रायफल ‘जरा दोन गोळ्या मारून पाहतो’ म्हणून हातात घेणे हा आपल्याकडचा सर्वांत सामान्य निष्काळजीपणा आहे. प्रत्येकाने स्वतःच्या परवान्यावरची किंवा क्लबच्या नावावर असलेली रायफलच वापरावी, हा नियम स्पर्धेच्या माहितीपत्रकात ठळक छापावा. नोंदणीच्या टेबलावर परवान्यावरचा क्रमांक आणि रायफलीवरचा क्रमांक ताडून पाहावा, परवान्याची मुदत आणि तो किती क्षेत्रात लागू आहे हे तपासावे. नाशिक किंवा बुलढाण्याहून येणाऱ्याचा परवाना त्याच्या जिल्ह्यापुरताच असेल तर त्याने आधी परवानगी काढायला हवी. परवाना देणारे प्राधिकरण आपल्या तिन्ही जिल्ह्यांत जिल्हाधिकारी आहेत; त्यांच्या कार्यालयाला आणि पोलीस अधीक्षकांना दिवस, वेळ, ठिकाण आणि स्पर्धकांची यादी लेखी कळवणे योग्य.

तारीख ठरवताना निवडणुकीचे वेळापत्रकही पाहावे लागते. आचारसंहितेच्या काळात परवानाधारकांना शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात, आणि ज्यांच्या रायफली ठाण्यात आहेत असे स्पर्धक घेऊन स्पर्धा होऊ शकत नाही. मुलांच्या बाबतीत परवान्याचे वय आणि प्रशिक्षणासाठीची सवलत या वेगळ्या बाबी असल्याने माझा सल्ला असा की त्यांच्यासाठी .१७७ बोअरच्या एअर रायफलीचा, १० मीटरवरचा, उभ्यानेच नेम धरण्याचा वेगळा गट ठेवावा. ती बंदूकही एकेरीच असते, आणि उभे राहण्याचे शिक्षण तिच्यावरही तेवढेच होते.

जमीन, माती आणि ऊन

रेंज शक्यतो अशी असावी की नेमबाजाचे तोंड उत्तरेकडे होईल. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने तो नेमबाजाच्या पाठीशी राहतो आणि लक्ष्य उजेडात येते. लक्ष्यामागचा मातीचा बांध हा साऱ्या व्यवस्थेचा कणा आहे. खान्देशात सोडून दिलेल्या दगडखाणी बऱ्याच आहेत आणि तिन्ही बाजूंनी उंच भिंत दिसली की लोकांना ती जागा आयती रेंज वाटते. तसे मुळीच नाही. शिशाची मऊ, हळू गोळी काळ्या पाषाणावर तिरपी आपटली की उसळी घेते, आणि ती कोणत्या दिशेला जाईल हे कोणीही सांगू शकत नाही. बांधाच्या पुढच्या थरात दगड-गोटे अजिबात नकोत. आपली काळी माती यासाठी बरी, पण उन्हाळ्यात ती तडकते आणि पावसाने ढासळते, म्हणून दर हंगामाआधी बांधाची डागडुजी करून वरचा थर चाळलेल्या मातीचा किंवा वाळूचा करावा लागतो. मुरूम तर टाळलाच पाहिजे, कारण त्यात खडे असतातच.

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा दिवसांत स्पर्धा ठेवू नये, आणि त्याचे कारण केवळ माणसाला होणारा त्रास एवढेच नाही. तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेच्या लहरींत काळे वर्तुळ नाचताना दिसते, नेमका मध्य सापडत नाही. शिवाय रिमफायर काडतुसाची गोळी बाहेरून मेणासारख्या वंगणाने माखलेली असते. उन्हात हे वंगण मऊ पडते आणि आपल्या भागातली बारीक धूळ त्याला चिकटते. धूळ लागलेले काडतूस चेंबरमध्ये गेले की शंभर वर्षांची नळी आतून घासली जाते. म्हणून काडतुसे खिशात सुटी ठेवू नयेत, जमिनीवर तर कधीच ठेवू नयेत. भोके पाडलेला लाकडी ठोकळा टेबलावर, सावलीत ठेवावा. दिवाळीनंतरपासून महाशिवरात्रीपर्यंतचा काळ मला सर्वांत योग्य वाटतो. तेव्हा सकाळी वाराही बहुधा पडलेला असतो. ताशी पंधरा-सोळा किलोमीटरचा आडवा वारा ही गोळी ५० मीटरवर साधारण दोन-तीन सेंटीमीटर सरकवतो.

जुन्या रायफलीची तपासणी

हा भाग आयोजकाने दुसऱ्या कोणावर सोपवू नये, जाणकार आणि परवानाधारक बंदूक-कारागिराला आदल्या दिवशी बोलावून घ्यावे. पहिली गोष्ट चेंबरची. .२२ शॉर्ट, .२२ लाँग आणि .२२ लाँग रायफल ही तीन काडतुसे वेगवेगळ्या लांबीची आहेत. फक्त शॉर्टसाठी बनवलेल्या जुन्या रायफलीत लाँग रायफल काडतूस पूर्ण बसत नाही, ते दाबून बसवण्याचा प्रयत्न धोकादायक ठरतो, आणि चेंबर बदलून घेतला तरी नळीतल्या पिळाचा, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचांचा, प्रश्न राहतो. लाँग रायफलच्या गोळीला साधारण ४० सेंटीमीटरला एक फेरा असा पीळ लागतो, तर शॉर्टच्या जुन्या नळ्यांत तो ५० ते ६० सेंटीमीटरला एक इतका सैल असतो. अशा नळीतून गेलेली गोळी डुलते आणि कागदावर गोल भोकाऐवजी लांबट फाट पाडते.

दुसरी गोष्ट म्हणजे चेंबरचे तोंड बंद करणारा ठोकळा किंवा बोल्ट (मागेपुढे सरकणारा दांडा) यांचा सैलपणा. झाडलेली पुंगळी हातात घेऊन उजेडात फिरवून पाहावी. कडेजवळ पितळ फुगलेले असेल, तडा असेल किंवा धुराचा काळा पट्टा पुंगळीच्या बाहेरून बुडापर्यंत आलेला असेल, तर त्या रायफलीने खेळू देऊ नये. पिनचा ठसा कडेवर नीट, एकसारखा उमटला आहे का हेही त्याच पुंगळीवर दिसते. पिन झिजली म्हणून गावातल्या लेथवर नवी करून आणणे हा मोह टाळलाच पाहिजे: शस्त्राची दुरुस्ती परवान्याशिवाय करणे कायद्याने गुन्हा आहे, आणि जास्त लांब झालेली पिन कड फोडून जळता वायू डोळ्याकडे आणू शकते. रिकाम्या रायफलीचा ट्रिगर दाबून पाहण्याची सवयही रिमफायरला वाईट, कारण काडतूस नसताना पिन चेंबरच्या काठावर आपटते आणि तिथे खड्डा पडतो.

नळी आतून खडबडीत निघाली तर निराश होण्याचे कारण नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काडतुसांतले रसायन गंज आणणारे क्षार मागे ठेवत असे, त्यामुळे त्या काळातल्या पुष्कळ नळ्यांना खड्डे पडलेले असतात. असे खड्डे असूनही ५० मीटरवर बरी नेमबाजी होऊ शकते. काडतुसे मात्र सौम्य वेगाचीच वापरावीत, हा नियम सर्वांसाठी सक्तीचा असावा. वेगवान काडतुसांचा जुन्या यंत्रणेला उपयोग नाही, आणि आवाजापेक्षा जास्त वेगाने निघालेली गोळी वाटेत आवाजाच्या वेगाखाली येताना अस्थिर होते.

नियम कसे असावेत

‘जुनी’ कोणती, यावर पहिला वाद होतो. निर्मितीचे वर्ष पुष्कळदा रायफलीवर नसते, म्हणून रचना १९५० पूर्वीची असावी आणि मॅगझीन नसावे एवढे म्हणणे पुरेसे आहे. दुर्बीण नको. माशी आणि उघडी खाच असलेल्यांचा एक गट, मागे खाचेऐवजी छिद्राची साइट (नेम धरण्याची खूण) असलेल्यांचा दुसरा गट, एवढी विभागणी पुरते. डोळ्याजवळच्या छिद्रामुळे मिळणारा फायदा इतका मोठा असतो की दोघांना एकत्र खेळवणे अन्यायाचे होईल. आधुनिक नेमबाजीतले ताठ जाकीट आणि ताठ बूटही नकोत, साधा शर्ट किंवा स्वेटर पुरे. पट्टा असला तरी तो हाताला गुंडाळून आधार घेऊ नये. कोपर बरगडीवर किंवा कमरेवर टेकवण्याची मुभा असावी, कारण ती उभ्याच्या नेमबाजीची मान्य पद्धतच आहे. पोरांसाठी बनवलेल्या जुन्या रायफली जेमतेम दोन किलोच्या असतात, तर लक्ष्यवेधी मार्टिनी चार किलोच्या आसपास. हलकी रायफल उभ्याने जास्त थरथरते, तरीही वजनावरून गट पाडू नयेत असे माझे मत आहे. स्पर्धक थोडे असताना गट वाढले की प्रत्येकालाच पदक मिळते आणि पदकाला अर्थ उरत नाही.

लक्ष्याची निवड विचाराने करावी. वर सांगितलेले रायफलीचे लक्ष्य आठ किलोपर्यंतच्या आधुनिक रायफलींसाठी आहे. त्याऐवजी ५० मीटर पिस्तुलाचे आंतरराष्ट्रीय लक्ष्य घ्यावे. त्यातले दहाचे वर्तुळ ५० मिलीमीटरचे आणि काळा भाग २०० मिलीमीटरचा असतो, त्यामुळे उघड्या साइटलाही तो स्पष्ट दिसतो. माशी एक मिलीमीटर हलल्यावर रायफलीच्या लक्ष्यावर शून्य देणारी तीच गोळी इथे सात गुण देते. नव्या माणसाचा हुरूप टिकतो, आणि उत्तम नेमबाजालाही वीस गोळ्यांत पूर्ण २०० गुण सहज मिळत नाहीत.

पाच सरावाच्या गोळ्या वेगळ्या कागदावर, मग दहा-दहाच्या दोन फेऱ्या, प्रत्येक फेरीला वीस मिनिटे, अशी मांडणी सोयीची. एका कागदावर पाचच गोळ्या ठेवल्या तर मोजणीत भोके एकमेकांवर येत नाहीत. भोक वरच्या गुणाच्या रेषेला स्पर्श करत असेल तर वरचा गुण; शंका आली तर ५.६ मिलीमीटरचे प्लग गेज (गोळीच्या व्यासाचे मापक) भोकात घालून पाहावे, आणि ते पंचानेच, एकदाच घालावे. बरोबरी झाली तर शेवटच्या दहा गोळ्यांचे गुण पाहावेत.

स्पर्धेचा दिवस

आठ लेन (एकेका नेमबाजाच्या जागा) असतील आणि तीन डिटेल (एकाच वेळी झाडणाऱ्यांच्या तुकड्या) खेळवल्या तर चोवीस स्पर्धक होतात, आणि सकाळी आठला सुरू झालेली स्पर्धा ऊन चढायच्या सुमारास आटोपते. एकच रेंज ऑफिसर, आणि त्याच्या हाती दुसरे कोणतेही काम नको. अहिराणी, लेवा बोली, मराठी, हिंदी असे सारे बोलणारे लोक एकत्र येणार, म्हणून हुकूम चारच आणि सुरुवातीलाच सर्वांकडून म्हणवून घेतलेले असावेत: लोड, स्टार्ट, स्टॉप, अनलोड. ‘स्टॉप’ मात्र कोणीही ओरडू शकतो, प्रेक्षकातले पोरही. लक्ष्यांकडे कोणी जाण्याआधी प्रत्येक रायफल उघडी, टेबलावर आणि नळी बांधाकडे असावी; चेंबरमध्ये रंगीत दोरा घातलेला असला तर लांबूनही खात्री पटते. त्या वेळात रायफलीला कोणी हात लावायचा नाही. कानात प्लग आणि डोळ्यांवर चष्मा स्पर्धकाला तर हवाच, मागे बसलेल्यांनाही हवा.

ट्रिगर दाबला आणि आवाज झाला नाही, तर नळी लक्ष्याकडेच ठेवून तीस सेकंद थांबायचे आणि हात वर करायचा. आवाज नेहमीपेक्षा दबका आला आणि कागदावर भोक दिसले नाही, तर गोळी नळीतच अडकली असण्याचा संभव असतो. त्या वेळी पुढचे काडतूस भरले तर नळी फुटू शकते. जुन्या काडतुसांचे डबे घरात राहिलेले असतात आणि लोकांना ते संपवायचे असतात, म्हणून ही सूचना सकाळी सर्वांसमोर द्यावी आणि असले डबे रेंजवर आणूच देऊ नयेत.

हिवाळ्यात खान्देशात माणसे जमली की वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी होणारच, ते चांगलेच आहे. पण रिमफायर काडतुसाच्या ठिणगीच्या रसायनात आणि गोळीत शिसे असते आणि ते बोटांवर येते. साबण आणि पाणी जेवणाच्या जागेआधी, वाटेतच ठेवावे, आणि गोळीबाराच्या रेषेवर चहा-बिस्किटेही नकोत. बांधात साठणारे शिसे ठरावीक काळाने चाळून काढावे, ते शेतात किंवा विहिरीकडे वाहून जाणार नाही अशी चर बांधाखाली खोदावी.

शेवटी पुंगळ्या मोजायच्या. प्रत्येक स्पर्धकाने किती काडतुसे आणली, किती झाडली आणि किती परत नेली याची नोंद त्याच्या सहीनिशी क्लबच्या वहीत राहिली पाहिजे, कारण परवान्यावरच्या काडतुसांचा हिशोब त्यालाही द्यावा लागतो. निकालपत्रकात नाव आणि गुणांबरोबर रायफलीची बनावट, साइटचा प्रकार आणि वापरलेले काडतूसही छापावे. दोन-तीन हंगाम अशी पत्रके जमली की आपल्या भागात कोणत्या रायफली आहेत, उघड्या खाचेने उभ्याने किती गुण निघतात आणि गटांची रेषा कुठे ओढायला हवी, हे पुढच्या आयोजकाला अंदाजाने ठरवावे लागणार नाही.